दारू सोडताना आपल्याला जुळणारी मीटिंग कशी शोधावी

दारू सोडायचे ठरवलेल्या माणसाला ‘एएच्या मीटिंगला जा’ असे डॉक्टरांपासून मेहुण्यापर्यंत सगळेच सांगतात. कोणत्या मीटिंगला जावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू इच्छिणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन या गावी दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिली आणि १९५७ पासून ती भारतात आहे. तिचा प्रत्येक गट आपला कारभार स्वतः पाहतो. त्यामुळे दादरच्या एका गटात मन रमले नाही, म्हणून ठाण्याच्या गटातही रमणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

मात्र रोज आणि भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या भरवशावर दारू एकाएकी बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावरही बेततात. आधी डॉक्टरांना दाखवावे आणि गरज पडल्यास दाखल व्हावे. मीटिंग ही उपचारांच्या जोडीला असते, उपचारांऐवजी नव्हे.

पत्ते मिळवणे त्या मानाने सोपे आहे. एएच्या भारतीय संकेतस्थळावर आणि हेल्पलाइनवर गटांची माहिती मिळते, व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, आणि पुण्याचे मुक्तांगण किंवा मुंबईचे कृपा फाउंडेशन यांसारख्या संस्थांतील समुपदेशकांनाही विचारता येते. फोनवर केवळ पत्ता घेऊन थांबू नये. मीटिंगा बहुधा चर्चच्या हॉलमध्ये, महापालिकेच्या शाळेत किंवा एखाद्या दवाखान्याच्या खोलीत भरतात. संध्याकाळी शाळेचे मुख्य फाटक बंद असते, वाट मागच्या गल्लीतून असते, आणि आधीच पाय अडखळत आलेला नवखा माणूस कुलूप पाहून सुटल्यासारखा परत फिरतो. म्हणून कोणत्या फाटकातून यायचे, कोणता मजला, दारात कोणी भेटेल का, हे विचारून घ्यावे. मीटिंग खुली आहे की बंद, हेही त्याच फोनवर विचारावे: खुल्या मीटिंगला नातेवाईक किंवा कोणीही येऊ शकते, तर बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते.

निवड करताना बहुतेक जण अंतर पाहतात. माझ्या मते त्याआधी घड्याळ पाहावे. ज्याचे पाय कामावरून सुटल्यावर सात वाजता आपोआप बारकडे वळतात, त्याला रविवारी सकाळची घराजवळची मीटिंग जेवढी उपयोगी पडेल, त्याहून सात-साडेसातला भरणारी, दोन स्टेशने पुढची मीटिंग अधिक उपयोगी पडेल, कारण ती नेमका तोच धोक्याचा तास भरून काढते. लहान गावात ओळखीचे भेटतील या धास्तीने अनेक जण जातच नाहीत. त्यांनी शेजारच्या तालुक्याचा गट धरावा किंवा सुरुवातीला ऑनलाइन मीटिंगला बसावे. आखातात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलायचे आहे, त्यालाही ऑनलाइन मीटिंगची सोय होते. इंग्रजी उत्तम येणाऱ्यानेसुद्धा एकदा मराठी गटात बसून पाहावे; बायकोवर उगारलेल्या हाताबद्दल इंग्रजीत बोलणे फार सोपे जाते.

सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. फी नसते, शेवटी पेटी किंवा पिशवी फिरते, तीत नव्या माणसाने काही टाकलेच पाहिजे असे नाही. प्रार्थना होते, पण देव न मानणाऱ्याने गप्प उभे राहिले तरी चालते. बोलायचे नसेल, तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढे सांगणे पुरते.

एका मीटिंगवरून गटाची परीक्षा करू नये. चार-पाच वेळा जावे आणि मीटिंग संपल्यावर चहाला थांबावे, कारण गटाची खरी ओळख तिथे होते. नव्या माणसाला कोणी आपणहून फोन नंबर देते का, आणि रात्री दहाला केलेला फोन उचलला जातो का, हे पाहावे. आडनाव, नोकरी, जात यांची चौकशी होत असेल, एकच जुना सभासद सगळा वेळ खात असेल किंवा मानसोपचारतज्ज्ञांची औषधे बंद करण्याचा सल्ला मिळत असेल, तर दुसरा गट पाहावा. स्त्रियांनी महिलांच्या मीटिंगची चौकशी करावी; ती नसल्यास एखाद्या सभासद महिलेशी आधी फोनवर बोलून तिच्यासोबत जावे. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन ही वेगळी संघटना आहे, आणि पती अजून पीत असला तरी पत्नीला तिथे जाता येते.

गट ठरला की दुसऱ्या एखाद्या गटाचे वारही टिपून ठेवावेत. गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर आणि गावची जत्रा या दिवशी कोणती मीटिंग भरणार आहे, हे आठवडाभर आधी विचारावे आणि तिथे कोणासोबत जायचे, तेही ठरवून ठेवावे.