युकुलेले सुरात कसे लावावे
सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या आकारांच्या युकुलेलेच्या तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा लावतात. मात्र वरची जी तार सर्वांत खर्जातली नसून सी आणि ई या दोहोंपेक्षा उंच असते, आणि या वाद्याचा खेळकर नाद मुख्यतः त्यातूनच येतो.

प्रथम ए तार ४४० हर्ट्झला लावावी. मग ई तार पाचव्या पडद्यावर आणि जी तार दुसऱ्या पडद्यावर दाबली असता मोकळ्या ए तारेशी, तर सी तार चौथ्या पडद्यावर दाबली असता मोकळ्या ई तारेशी जुळली पाहिजे. सूर चढला असेल तर तार आधी पुरेशी उतरवून मग हळूहळू वर आणावी, म्हणजे खुंटीत ढील राहत नाही.

नायलॉनच्या तारा चुंबकीय पिकअपला (तारेच्या कंपनाचा विद्युत संकेत करणाऱ्या भागाला) जाणवत नाहीत, म्हणून अशा तारांच्या इलेक्ट्रिक युकुलेलेत बहुधा घोडीखाली पिझो, म्हणजे कंपनाचा दाब टिपणारा, पिकअप बसवतात. सुमारे २१ इंच तारलांबीचा छोटा प्रवासी बास (बास युकुलेले) मात्र बासगिटारप्रमाणे ई, ए, डी, जी असाच लावावा. त्याच्या रबरासारख्या जाड पॉलियुरेथेन तारा नव्या असताना खूप ताणल्या जातात, त्यामुळे पहिले काही दिवस त्या वारंवार जुळवाव्या लागतात.