उन्हाळ्यात देशी रोपं जगवायला उसाचं पाचट

पावसाळ्यात लावलेली बहावा, करंज, कडुनिंबाची रोपं सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडी-जतकडच्या उन्हात मार्च-एप्रिलला माना टाकतात. पाणी घालावं तर आळं दोन दिवसांत कोरडंठाक. यावर उपाय त्याच जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस तालुक्यांच्या उसाच्या रानात पडलेला असतो: पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर उरलेली वाळकी पानं. आणि तोडणीनंतर लोक ते सरळ पेटवून देतात! शेतकऱ्याला विचारून छोट्या टेम्पोत भरून आणा, बहुतेक जण आनंदानं देतात.

१. आळ्यातलं तण काढा आणि आधी भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीवर पाचट टाकलं तर वरून दिलेलं थोडंसं पाणी तेच पिऊन टाकतं.
२. वीतभर जाडीचा थर पसरा. दाबला की निम्मा होतो, म्हणून हात आखडता घेऊ नका.
३. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चार दगड ठेवा किंवा शेणकाला शिंपडा. शेणकाला उत्तम, पाचट लवकर कुजतं.

पुढचं पाणी थराखालच्या मातीत बोट घालून, ती सुकली असेल तरच द्या.

जपायचं एवढंच: खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. पाचट खोडाला टेकलं की वाळवी थेट सालीवर चढते.