झेरॉक्सवर सोळा पानी झीन: डमीपासून शिवणीपर्यंत

झीन म्हणजे आपणच लिहिलेलं, आपणच मांडलेलं आणि आपणच छापून वाटलेलं छोटं पुस्तक. मराठीला हे नवं नाही. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या कवींचं ‘शब्द’ १९५०च्या दशकात सायक्लोस्टाइल होऊन, म्हणजे कापलेल्या स्टेन्सिलमधून शाई उमटवून, निघत होतं. पुढे ‘असो’, ‘वाचा’ अशी अनियतकालिकं, म्हणजे ठरावीक मुदतीनं न निघणारे छोटे अंक, आली. आता स्टेन्सिल कापायची गरज नाही, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान पुरतं.

कागद. एका प्रतीला ए-फोरचे चार कागद लागतात. मधोमध घडी घातली की ए-फाइव्ह आकाराची सोळा पानं होतात. पन्नास प्रतींना २०० कागद, वर बिघडण्यासाठी पंधरावीस धरा. दुकानातला नेहमीचा ७५ जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) चालतो. सगळ्यात बाहेरचा कागद रंगीत घेतला की वेगळ्या मुखपृष्ठाचा खर्च वाचतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन मशीनमध्ये अडकतो, म्हणून रीम आदल्या दिवशी उघडून ठेवू नका.

डमी. म्हणजे कोणतं पान कोणत्या कागदावर कुठे येतं ते दाखवणारा कोरा नमुना. हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं वाया जातं. चार कोरे कागद आडवे धरून घडी घाला, एकात एक बसवा आणि पुस्तक उलगडत पेन्सिलीनं १ ते १६ आकडे टाका. मग कागद सुटे करा. पहिल्या कागदावर एका बाजूला १६ आणि १ शेजारी दिसतील, पाठीमागे २ आणि १५. पुढच्या कागदांवर १४-३ व ४-१३, १२-५ व ६-११, १०-७ व ८-९. प्रत्येक जोडीची बेरीज १७ यायलाच हवी. नाही आली तर कागद उलटा पडलाय. डमी शेवटची प्रत शिवून होईपर्यंत जपा.

मजकूर आणि चित्रं. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त जागा द्या. दहा पॉइंटातला ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ झेरॉक्समध्ये पोटात भरतो आणि नुसता काळा ठिपका उरतो. १२-१३ पॉइंट घ्या आणि ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, म्हणजे उकार वरच्या ओळीतून लोंबून खालच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत. कडेपासून किमान १० मिमी मोकळं सोडा, कारण कागदाच्या अगदी काठापर्यंत मशीन छापत नाही. घडीच्या बाजूला १५ मिमी सोडा. चित्रं काळ्या जेल पेननं काढा, पेन्सिलीची फिकी रेघ उठत नाही. घडीवरून भरगच्च काळा रंग नेऊ नका, टोनर तिथे तडकून सांडतो. संगणकावर मांडणी केली असेल तर पीडीएफच न्या. वर्डची फाइल नेलीत तर दुकानात तो फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं फुटतात.

मजकूर-चित्रं डमीतल्या जोड्यांप्रमाणे हातानं चिकटवत असाल तर ग्लू स्टिकनं कडा पूर्ण बसवा. उचललेल्या कडेची सावली प्रतीत काळी रेघ होऊन येते. आठही बाजूंची चिकटवलेली मूळ पानं आधी काचेवर ठेवून एकेक स्वच्छ प्रत काढा, सावल्या व्हाइटनरनं झाका आणि पुढे तीच प्रत मूळ म्हणून वापरा. चिकटवलेला कागद फीडरमधून (मशीनच्या वरच्या, कागद आपोआप ओढणाऱ्या भागातून) घातला की तुकडे सुटून आत अडकतात. व्हाइटनर पूर्ण सुकू द्या, नाहीतर काचेवर डाग पडतो आणि तो प्रत्येक पानावर उमटतो.

दुकानात. ‘पाठपोट’ सांगा, आणि आडव्या पानाला ‘आखूड कडेवर उलट’ हेही सांगा. लांब कडेवर उलटलं तर मागची बाजू डोक्यावर उभी राहते. आधी एकच संच काढा, घडी घालून डमीशी ताडून पाहा, मगच बाकीच्या प्रती सांगा.

घडी आणि शिवण. चारही कागद एकत्र घडी घाला आणि चमच्याच्या पाठीनं घडी दाबा. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोहोचत नाही. पुस्तक थर्माकोलवर पालथं उघडून ठेवा, स्टेपलर पूर्ण उघडून घडीवर दोन पिना मारा, पुस्तक अलगद उचला आणि आत आलेली टोकं चमच्यानं वळवा.

पिना पावसाळ्यात गंजतात, म्हणून दोरा जास्त चांगला. घडीवर तीन भोकं पाडा: मधलं मध्यावर, बाकी दोन वरून-खालून ४ सेंमीवर. अर्धा मीटर दोरा घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून सरळ खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. आता दोन्ही टोकं आत आलेली असतील. आतल्या लांब टाक्याच्या एकेका बाजूला एकेक टोक घेऊन त्यावर गाठ मारा, दोरा सरकणार नाही.

शेवटच्या पानावर गाव, महिना, वर्ष, किंमत आणि ईमेल मांडणी करतानाच घाला. मुंबईत बॉम्बे झीन फेस्टसारख्या ठिकाणी प्रती विकता येतात आणि दुसऱ्यांच्या झीनशी अदलाबदलही होते. तिकडे निघालात तर दहा प्रती अदलाबदलीसाठी वेगळ्या काढा.