कॅनन, कान्नोन आणि एक महातोफ: या चुका टाळा

अनुवाद तपासता तपासता माझे केस पिकले. जपान असो की बायझंटाईन (पूर्वेकडचं ग्रीक ख्रिस्ती) चर्च, नाव कानाला ओळखीचं वाटलं की अर्थ बघायची तसदी कुणी घेत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते ‘कॅनन’ने. जगातल्या धर्मांवरच्या एका हस्तलिखितात वाक्य होतं: ‘क्रीटच्या अँड्र्यूची महातोफ उपवासकाळात चर्चमध्ये म्हटली जाते.’ तोफ म्हणतात कशी, हा प्रश्न अनुवादकाला पडलाच नाही. इंग्रजीत तोफेला एक ‘एन’ जास्त असतो, एवढंच. हा कॅनन म्हणजे ग्रीक ‘कानोन’, नऊ भागांत बांधलेली स्तोत्ररचना. अँड्र्यूच्या रचनेत सुमारे 250 कडवी आहेत आणि सगळा पश्चात्ताप.

चूक दाखवली, तर गड्याने ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबलं. आता 1453 मध्ये सुलतान मेहमदाचे ‘कॅनन’ कॉन्स्टँटिनोपलचा तट पाडू लागले! जपानच्या प्रकरणात तर आधीपासूनच टोकियोचं सेन्सो-जी हे ‘कॅनन देवीचं’ देऊळ होतं. ती कान्नोन. आपला करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वरच चीनमार्गे तिथे पोचला. कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, जपानमध्येही अकरा मुखांची कान्नोन पुजतात. कॅनन कॅमेऱ्याचं म्हणाल, तर 1934 च्या पहिल्या नमुन्याचं नाव खरंच ‘क्वानोन’ होतं, म्हणजे गोंधळाला थोडा आधार आहे. पण देवळाला नाही.

ते बटण मी वापरत नाही. पेन्सिलीने तीन रकाने आखतो: मूळ भाषा, उच्चार, अर्थ. तिसरा रकाना रिकामा असेपर्यंत पान उलटत नाही. नव्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. निकॉन कॅमेरा ‘निप्पोन कोगाकू’वरून, दहाव्या शतकातला साधू निकॉन वेगळा. झेन आपल्या ‘ध्याना’तून आला, 482 मध्ये ‘हेनोटिकॉन’ हे चर्चमधल्या ऐक्याचं फर्मान काढणारा झेनो हा बायझंटाईन सम्राट. नायका हे कॉन्स्टँटिनोपलमधलं 532 चं बंड, नायसिया हे धर्मपरिषदांचं गाव. हागिया आयरीन या कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चच्या नावाचा अर्थ ‘पवित्र शांती’. 787 ची परिषद भरवणाऱ्या सम्राज्ञी आयरीनचा त्या नावाशी संबंध नाही.

आणि जपानीत ओबासान म्हणजे मावशी किंवा काकू, ओबाआसान म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईला तो जादा ‘आ’ लावू नका.