मिरचीवर सुटले किती? नफ्याच्या रिपोर्टची सेटिंग कशी लावावी

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचे हिशेब मी पाहतो. एकदा शेठ म्हणाले, "काहून जी, तुमच्या रिपोर्टात मिरचीवर सव्वीस हजार दिसतात अन् पोराच्या रिपोर्टात अठरा. खरं कोणतं?" दोन्ही रिपोर्ट टॅली या हिशेबाच्या एकाच सॉफ्टवेअरमधून, एकाच डेटावरून निघाले होते. माल कोणत्या भावानं धरायचा, एवढी एक सेटिंग दोघांची वेगळी होती.

आकडे सोपे करून सांगतो. भिवापुरी मिरची आधी ५०० किलो घेतली १६० रुपयांनी, नंतर ५०० किलो २०० रुपयांनी. त्यातली ६०० किलो विकली २१० ने, म्हणजे विक्री १,२६,००० ची. फिफोनं आधीचा माल आधी गेला असं धरलं तर माल पडला १,००,००० ला आणि सुटले २६,०००. सरासरी भाव १८० धरला तर माल पडला १,०८,००० ला, सुटले १८,०००. आणि आज तेवढाच माल २०० च्या भावानं पुन्हा भरायचा तर १,२०,००० लागतात, हातात उरतात ६,०००. हा शेवटचा आकडा मी शेठना मुद्दाम तोंडी सांगतो, कारण पुढची खरेदी त्यावर ठरते.

आता रिपोर्ट लावू. टॅलीप्राइममध्ये स्टॉक समरी (मालाचा गोषवारा) उघडा, एफ१२ दाबा आणि कन्झम्प्शन (खपलेला माल) व ग्रॉस प्रॉफिट (ढोबळ नफा) दाखवण्याचे पर्याय 'यस' करा. बिझी, मार्ग किंवा दुसरं काही वापरत असाल तर नावं वेगळी असतील, पण ठरवायच्या गोष्टी याच.

पहिल्यांदा कालावधी. ऑल्ट-एफ२ दाबून तारखा स्वतः टाका. आधी उघडलेल्या तारखांवर रिपोर्ट तसाच राहतो आणि आपण महिन्याचा समजून वर्षाचा आकडा वाचत बसतो.

मग भाव. रिपोर्टमध्ये कंट्रोल-बी दाबलं की फिफो, अ‍ॅव्हरेज, लास्ट पर्चेस अशा पद्धती बदलून पाहता येतात. हा बदल त्या रिपोर्टपुरताच राहतो, खुशाल खेळून बघा. आयटमच्या मास्टरमधली (मूळ नोंदीतली) पद्धत मात्र सीएंना विचारल्याशिवाय हलवू नका, ती थेट ताळेबंदातल्या शिल्लक मालाची किंमत बदलते. शिल्लक मालाच्या किमतीबद्दलच्या लेखामानक २ प्रमाणे सर्वसाधारण मालाला फिफो किंवा वेटेड अ‍ॅव्हरेज चालते. लिफो, म्हणजे शेवटचा माल आधी गेला असं धरणं, टॅलीच्या यादीत दिसली तरी हिशेबाला चालत नाही. मिरचीसारख्या रोज भाव हलणाऱ्या मालाला मी अ‍ॅव्हरेजच ठेवतो. पोरानं तेच केलं होतं, फिफो माझ्याकडून राहून गेली होती.

यानंतरची सेटिंग सगळ्यांत जास्त विसरली जाते: भाडं, हमाली, तोलाई. हे खर्च नुसते वेगळ्या लेजरला (खात्याला) टाकले तर नफा-तोटा पत्रकात येतात, पण मिरचीच्या ओळीत येत नाहीत. पर्चेसच्या व्हाउचर टाइपमध्ये (खरेदी-नोंदीच्या प्रकारात) अ‍ॅडिशनल कॉस्ट ट्रॅक करण्याचा पर्याय चालू करा आणि खर्चाच्या लेजरमध्ये वाटणी नगावर-वजनावर करायची की किमतीवर, ते ठरवा. मिरचीला वजन, कारण हमाल पोत्याचे पैसे घेतो, भावाचे नाही. आपल्या १,००० किलोवर ६,००० रुपये खर्च आला असेल तर किलोला ६ रुपये. विकलेल्या ६०० किलोवर ३,६०० गेले आणि अठराचे राहिले १४,४००.

जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेत असाल तर तो कर मालाच्या भावात धरू नका. जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळत नाही, मग धरावाच लागतो.

घटीची नोंद करा. वाळलेली मिरची गोदामात अजून वाळते. फिजिकल स्टॉकची एंट्री वेळच्या वेळी केली नाही, तर वर्षभर नफा फुगलेला दिसतो आणि ३१ मार्चला पोती मोजली की एकदम बसतो.

टक्केवारीचं भांडण तर नेहमीचंच. १४,४०० हे १,२६,००० च्या विक्रीवर ११.४३ टक्के होतात आणि १,११,६०० च्या लागतीवर १२.९० टक्के. इतवारीच्या बाजारात बसून "माझं तेरा टक्के मार्जिन" म्हणणारा बहुतेक वेळा लागतीवर बोलत असतो. एक ठरवा आणि दर महिन्याला तेच वापरा.

गोदामावार किंवा सेल्समनवार नफा हवा असेल तर एफ११ मधून गोदाम आणि कॉस्ट सेंटर (सेल्समनवार वाटणीचे कप्पे) चालू करा. मात्र एंट्री टाकणारा ते दर बिलात भरणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता रिपोर्ट पडताळायचा. एखाद्या आयटमवर नफा शंभर टक्क्यांच्या आसपास दिसला तर खूश होऊ नका. माल विकला गेला, खरेदीचं बिल अजून चढलंच नाही, असं बहुधा झालेलं असतं. एक्सेप्शन रिपोर्टमधला निगेटिव्ह स्टॉक (शून्याखाली गेलेला माल) उघडा, चोर तिथेच सापडतो. पुरवठादाराची रेट डिफरन्सची क्रेडिट नोटही (भावातल्या फरकाची सूट) बघा. ती आयटम न निवडता टाकली असेल तर मिरचीचा भाव जुनाच राहतो. शेवटी सगळ्या आयटमची बेरीज नफा-तोटा पत्रकातल्या ग्रॉस प्रॉफिटशी लावा. फरक आला तर आधी भाडं-हमालीच्या लेजरमध्ये शोधा.

सगळं जमलं की कंट्रोल-एल दाबून हा व्ह्यू नाव देऊन जतन करा, म्हणजे पोरगाही तोच उघडेल. मी आता शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतो तेव्हा खाली एक ओळ टाकतो: "१ ते ३० एप्रिल, अ‍ॅव्हरेज भाव, भाडं-हमाली धरून, घट धरून, टक्का विक्रीवर."