घरात दहा माणसं, मग ऑनलाइन थेरपी घ्यायची कुठे बसून?

चोपडा, यावल, शिरपूरकडचे बरेच जण विचारतात की चांगला थेरपिस्ट कसा शोधायचा, पण खरं सांगू का, थेरपिस्ट सापडतो हो, जागा सापडत नाही. घरात आजी, काकू, पोरं, आणि मधूनच कोणीतरी "कोणाशी बोलतोय रे एवढा वेळ?" म्हणून डोकावणारच.

म्हणून आधी जागा ठरवा. मळा असेल तर बेस्ट, केळीच्या बागेत कोण येतंय ऐकायला, फक्त रेंज आदल्या दिवशी बघून ठेवा आणि व्हिडिओ अडकला तर साध्या कॉलवर बोलू हे थेरपिस्टला आधीच सांगा. गच्ची संध्याकाळनंतरच, मे महिन्यात दुपारी बसाल तर थेरपी राहील बाजूला, सलाईन लावावी लागेल. उभ्या गाडीत बसलं तरी चालतं. इयरफोन लावायचेच. घरी "ऑफिसची मीटिंग आहे" सांगितलं तर काही पाप लागत नाही.

आता माणूस. इन्स्टावर 'माइंड कोच' ढिगाने आहेत, लांब राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद, यांची नोंदणी तिथे असते) रजिस्ट्रेशन नंबर सरळ मागा, काउन्सेलर असेल तर शिक्षण काय, अनुभव किती ते विचारा, आणि यावर जो चिडतो तो आपल्या कामाचा नाही. गोळ्या हे दोघं लिहून देऊ शकत नाहीत, त्यासाठी सायकायट्रिस्ट, म्हणजे मानसोपचाराचा डॉक्टर गाठा. त्याच मेसेजमध्ये फी, सेशन किती मिनिटांचं (बहुतेक 45-50) आणि ऐनवेळी कॅन्सल केलं तर पैसे जातात का, हेपण विचारून घ्या. अहिराणी समजणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण "मना जीव घाबरस" हे प्रमाण मराठीत सांगताना अर्धं आतच राहतं.

पहिल्या सेशनला तुमचा पत्ता आणि घरातल्या एकाचा नंबर मागतील, बिचकू नका, अडीअडचणीसाठी असतो तो.

पैसे नसतील तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. सरकारी आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, आणि साध्या डबा फोनवरूनपण लागतो.

पण कानात आवाज येतायत, रात्र-रात्र झोपच नाही, किंवा जीव द्यायचे विचार येतायत, तर ऑनलाइनची वाट बघत बसू नका, जळगाव-धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचारची ओपीडी आहे, कोणालातरी सोबत घेऊन तिथे जा, आणि परिस्थिती हाताबाहेर असेल तर 108. तोपर्यंत कपाशीच्या फवारणीची औषधं घरात ठेवू नका, भावाकडे नाहीतर शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि चावी त्यांच्याकडेच राहू द्या.