कोकणात मोटरसायकलवर इंटरकॉम आणि वॉकी-टॉकी कशी जुळवावी

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारेच्या चढावर समुद्र दिसायला लागला की प्रत्येकालाच काहीतरी बोलायचं असतं, आणि नेमका त्याच वळणावर कानातला आवाज तुटतो. माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालंय की नवा संच घेणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो: कोकणात संपर्क तुटणार हे धरूनच जुळणी करा. डब्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. आपल्याकडे सडा, म्हणजे जांभ्याचं मोकळं पठार आहे, घाटी आहे, खाडी आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तोच संच वेगळा वागतो.

हेल्मेटवरचा इंटरकॉम साधारण २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर जेमतेम १२ सेंटीमीटरची. ती डोंगराला वळसा घालत नाही आणि ओल्या पानांत जिरते. त्यामुळे जांभ्याच्या कापलेल्या दरडीआड किंवा आंबा-काजूच्या दाट बागेत दीड किलोमीटरचा दावा करणारा संच दोन-तीनशे मीटरवर गप्प झालेला मी पाहिलाय. सड्यावर मात्र पुढची गाडी ठिपक्याएवढी दिसत असली तरी बोलणं स्वच्छ येतं. दिसतं तिथवर ऐकू येतं, असा मोटामोटी हिशोब धरा.

आधी ठरवा, कोणाला कोणाशी बोलायचंय

फक्त चालवणारा आणि मागे बसणारा एवढंच असेल, तर साध्या ब्लूटूथ इंटरकॉमची जोडी पुरते. जास्त पैसे घालू नका. दोन-तीन गाड्यांनाही ब्लूटूथ चालतं, पण ती साखळी असते हे लक्षात ठेवा. पहिला दुसऱ्याला जोडलेला, दुसरा तिसऱ्याला. मधला चहाला थांबला की दोन्ही टोकं तुटली. म्हणून साखळी ज्या क्रमाने जोडली, त्याच क्रमाने रस्त्यावर गाड्या ठेवाव्या लागतात.

चार किंवा जास्त गाड्या असतील तर मेश घ्या. यात प्रत्येक संच इतरांचा आवाज पुढे पोचवतो आणि एखादा बाहेर गेला तर जाळं स्वतःच दुसरी वाट शोधते. वळणावळणाच्या रस्त्याला हे फार उपयोगाचं, कारण पुढचा आणि मागचा एकमेकांना दिसत नसले तरी बरोबर वळणावर असलेली मधली गाडी दोघांनाही दिसते आणि पुलाचं काम करते. मात्र कार्डो आणि सेना या दोन कंपन्यांची मेश एकमेकांशी बोलत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच ब्लूटूथने जोडता येतात, पण ती पुन्हा साखळीच. ग्रुपने एकत्र बसून एकाच कंपनीचे संच घ्यावेत, हे माझं ठाम मत.

वॉकी-टॉकी घेण्याआधी

ग्रुप मोठा असेल, तर सर्वांत पुढच्याकडे आणि सर्वांत मागच्याकडे एकेक वॉकी-टॉकी असावी. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटीमीटरची असते आणि झाडीतून इंटरकॉमपेक्षा बरी जाते. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. फक्त त्या संचाला उपकरण प्रकार मान्यता, म्हणजे ईटीए, मिळालेली हवी. घेताना दुकानदाराला पट्टा आणि ईटीए या दोनच गोष्टी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ बाहेर पडा. परवाना लागणारे संच ऑनलाइन सर्रास विकले जात होते, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली विक्री संकेतस्थळांना नोटिसाही काढल्या.

स्वस्तातले बरेच संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झवर उघडे असतात. आपल्या किनाऱ्यावर याचा अर्थ गंभीर आहे. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवणच्या बोटींचा वायरलेस याच पट्ट्यात, १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही संकटात सापडलेल्या बोटीने हाक मारायची जागा आहे. किनाऱ्यालगतच्या सड्यावरून आपण तिथे ‘अरे कुठे पोचलास’ म्हणत बसलो, तर कोणाची तरी हाक आपल्या आवाजाखाली दबू शकते. असा संच हातात घेऊच नका.

जास्त ताकदीचा रेडिओ हवाच असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्या. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो आणि मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ खुलं होतं. पण बोलणाऱ्या दोघांकडेही परवाना हवा.

हेल्मेटमध्ये बसवणं

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. संच हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसवतात, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो. क्लिप बसत नसेल तर चिकटपट्टीचा माउंट वापरा. आधी जागा स्पिरिटने पुसा आणि चिकटवल्यावर एक दिवस तसंच राहू द्या. हेल्मेटच्या कवचाला भोक पाडायचं नाही आणि आतला थर्माकोलही कोरायचा नाही. डोकं त्याच दोन गोष्टी वाचवतात.

स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका यायला हवा. दीड-दोन सेंटीमीटर सरकला तरी आवाज अर्धा होतो आणि माणूस उगाच व्हॉल्यूम वाढवत बसतो. हेल्मेट घाला, कानाची जागा आतून बोटाने चाचपा, तिथे वेल्क्रो लावा, मग स्पीकर. अर्धा तास घालून घरात बसा. कानाची पाळी दुखायला लागली तर स्पीकर कानापासून लांब, अस्तरात आणखी आत हवा, किंवा त्यामागची फोमची चकती काढायला हवी.

फुलफेस हेल्मेटला हनुवटीच्या आत चिकटणारा छोटा माइक, आणि उघड्या किंवा मॉड्युलर (हनुवटीचा भाग वर उचलता येणाऱ्या) हेल्मेटला दांडीचा माइक. माइकवरची खूण ओठांकडे हवी. उलटा बसला तर समोरच्याला तुमच्याऐवजी वारा ऐकू येतो. माइकवरचं स्पंजचं टोपरं हरवू नका.

वॉकी-टॉकी खिशात किंवा टँक बॅगेत ठेवू नका. छातीवर, खांद्याजवळच्या पट्ट्याला, अँटेना उभी राहील अशी लावा. बोलायचं बटण वेल्क्रोने डाव्या मुठीजवळ बांधा, म्हणजे हात हँडलवरून सुटणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात संपर्काचं साधन धरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. आवाजावर आपोआप सुरू होण्याची सोय मोटरसायकलवर बंदच ठेवा, वाऱ्यानेच ती सुरू होते.

जोडणी घरीच करा

१. आदल्या रात्री सगळे संच पूर्ण चार्ज करा आणि कंपनीच्या ॲपमधून अद्ययावत करा. एकाचं सॉफ्टवेअर जुनं राहिलं तर सकाळी त्यातच वेळ जातो.

२. आधी फोन जोडा आणि नकाशाचा आवाज येतो का ते पाहा. मग इंटरकॉम जोडा.

३. मेश असेल तर एकाने ग्रुप तयार करावा आणि बाकीच्यांनी एकेक करून त्यात यावं. ब्लूटूथ असेल तर क्रम कागदावर लिहून जोडा.

४. सगळ्या वॉकी-टॉकींवर एकच चॅनल आणि एकच कोड ठेवा. तो कोड गुप्त नसतो. तो तुमच्या संचाला इतरांचं बोलणं ऐकू देत नाही एवढंच, तुमचं बोलणं त्या चॅनलवर कोणीही ऐकू शकतं.

मग एक चाचणी फेरी मारा, जवळच्या सड्यावर आणि जवळच्या घाटीत. एकाने थांबावं, दुसऱ्याने आकडे मोजत पुढे जावं. कोणत्या आकड्याला आवाज तुटला ते ओडोमीटरशी ताडून पाहा. दोन ठिकाणचे दोन आकडे आले की तुमच्या संचाचं खरं अंतर कळलं. त्यातला घाटीतला आकडा प्रवासाला धरा.

रस्त्यावर काय बोलायचं

बटण दाबल्यावर एक क्षण थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘डावीकडे खड्डा’मधला ‘डावीकडे’ गेला की उरलेल्याचा काय उपयोग? शब्द आधीच ठरवून घ्या: खड्डा, गुरं, वाळू, एसटी, थांबा. वाक्यं नकोत. घाटात गाणी बंद. व्हॉल्यूम इतकाच, की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यावा.

एक नियम आमच्या ग्रुपमध्ये कोणी मोडत नाही. पुढच्याने ‘रस्ता मोकळा आहे’ असं सांगायचं नाही. त्याला मोकळा दिसलेला रस्ता तुम्ही तिथे पोचेपर्यंत मोकळा असेलच असं नाही, आणि कशेडीत किंवा कुंभार्लीत समोरून ट्रक यायला दोन सेकंद पुरतात. धोका सांगायचा, परवानगी द्यायची नाही. ओव्हरटेक ज्याचा त्याने आपल्या डोळ्यांनी पाहून करायचा.

संपर्क तुटला तर काय, हे निघण्याआधी ठरलेलं असू द्या. आम्ही पुढची थांबायची जागा आधीच सांगून ठेवतो: एखादा एसटी स्टँड, देऊळ, पेट्रोल पंप. आवाज गेला म्हणून कोणी वेग वाढवत नाही. फाट्यावर मात्र पुढच्याने मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं. केळशी-आंजर्ल्याच्या आतल्या रस्त्यांवर फाटे इतके आहेत की हे केलं नाही तर एकजण हमखास चुकतो, आणि खोलगट वाडीत मोबाइललाही रेंज नसते.

खारा वारा आणि पाऊस

समुद्रालगत दोन दिवस फिरलात की चार्जिंगचे पिन पांढरट, मग हिरवट व्हायला लागतात. मुक्कामी पोचल्यावर संच हेल्मेटवरून काढा, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरडा करा आणि मगच चार्जिंगला लावा. रबरी झाकण नीट बसलेलं हवं. पावसात गाडीवरून चार्जिंग करूच नका. हेल्मेट आतून ओलं असेल तर अस्तर काढून वाळवा, स्पीकरवर हेअर ड्रायर मारू नका. आयपी ६७, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाची ही श्रेणी, असलेला संच आपल्या पावसात टिकतो. नुसतं ‘पाणी-प्रतिरोधक’ लिहिलेल्यावर मी जुलैत भरवसा ठेवत नाही.

सागरी मार्गाने खाली उतरताना आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी लागतात. गर्दी असली तर ग्रुप दोन खेपांत विभागला जातो आणि पहिली तुकडी पलीकडे उतरून पुढे निघाली की संपर्क संपला. म्हणून पहिल्या तुकडीने पलीकडच्या धक्क्यावरच थांबायचं, संच चालू ठेवायचे, शेवटची गाडी बोटीतून उतरली की इंटरकॉमवर एकेकाची हजेरी घ्यायची आणि मग गिअर टाकायचा.